ऊन दाखवलेली कार्डं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेवढीच शाळा होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि मुलींनी ओढा ओलांडायचा नाही असं वडिलांचं म्हणणं होतं. लग्न होऊन काशीला येताना गाडीने किती नद्या ओलांडल्या ते मी मोजलं नाही, पण शाळा ओढ्यापलीकडेच राहिली. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं कारण असं. आमच्या दुर्गाघाटाच्या गच्चीवरून चार-पाच गच्च्या सोडून एक घर दिसतं. तिथे महिनाभरापासून एक नवी सून दिवसभर एकटी बसलेली असते. तोंडावर पदर असतो. कोणी वर आलं की ती उठून कोपऱ्यात जाते. दूधवाल्याकडून कळलं की तिला माझ्यासारखंच झालं आहे. जाऊन बोलावं असं फार वाटतं, पण मी अशी आहे की ओळखीच्या माणसासमोरही माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहिते. माझ्या मुलीच्या, मनूच्या, जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, ती पुरतील. वही तिच्यापर्यंत पोहोचवायचं धैर्य मला होईल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

खिडकीला लावलेला फोटो

तेव्हा मनू पाच वर्षांची होती. संध्याकाळी आरतीच्या घंटा वाजायला लागल्या की माझं अंग तापायचं. इतकं नेमाने, की मी मनातल्या मनात त्याला आरतीचा ताप म्हणायचे. खोकला होता, तो मी शेगडीच्या धुरावर ढकलला होता. मग चैत्रात, घरी हळदीकुंकू होतं त्या दिवशी, कैरीची डाळ वाटता वाटता उबळ आली आणि पदरावर लाल ठिपका पडला. मी ठरवलं की हे कुंकू आहे. घरभर कुंकू सांडलेलंच होतं. पदर धुतला. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू नव्हतं, तरी कुंकू पडलं. मग यांना सांगितलं.

डॉक्टर म्हातारे बंगाली गृहस्थ होते. त्यांनी छातीचा फोटो खिडकीच्या काचेला लावला. माझ्या बरगड्या गच्चीच्या कठड्यासारख्या दिसत होत्या, आणि उजवीकडे वर धुकं होतं, माघात गंगेवर असतं तसं. खरं सांगते, मला ते सुंदर दिसलं. त्या धुक्यातून आता एखादी नाव बाहेर येईल असं वाटलं. मी नावेची वाट बघत होते तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "टीबी है. ठीक हो जाएगा. लेकिन दवा एक दिन भी नहीं छोडना." मग त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. यांनी पाच बोटं दाखवली. डॉक्टर म्हणाले, तिला काही महिने वेगळं ठेवा.

परत येताना गल्लीत मी यांच्या मागे चार पावलं राहून चालले, तोंडावर पदर धरून. काशीत राहून मरणाची भीती थोडी बोथट होते, रोज खालून रामनाम ऐकू येत असतं. माझी भीती दुसरीच होती. पाच वर्षांचं पोर इतके महिने दूर राहिलं तर आईला विसरेल. परत आलं तरी भिऊन जवळ येणार नाही. त्या सगळ्या आजारपणात मी एवढ्या एकाच गोष्टीला भ्याले.

अक्का

यांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणतात, मी वन्सं म्हणते. तरुणपणीच विधवा झाल्या, मूलबाळ नाही. ब्रह्माघाटाला त्यांच्या दोन खोल्या आहेत आणि वर गच्ची. पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट करून मराठी घरांतून विकतात. अक्कांचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास आहे, तो म्हणजे उन्हावर. डाळीला ऊन, गादीला ऊन, पोथीला ऊन, नव्या साडीलासुद्धा नेसायच्या आधी ऊन दाखवायचं. वाणी बोटाला थुंकी लावून नोटा मोजतो म्हणून बाजारातून आलेल्या नोटाही त्या दगडाखाली दाबून तासभर गच्चीवर ठेवतात.

आम्ही दवाखान्यातून आलो तेव्हा अक्का मनूला सांभाळत बसल्या होत्या. त्यांनी यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. उठून मनूचे फ्रॉक गोळा करायला लागल्या. मी पुढे झाले तसा त्यांनी हात आडवा केला. "तू नको शिवूस," एवढंच म्हणाल्या. आत्याकडे पापडाच्या लाट्या खायला मिळतात म्हणून मनू उड्या मारत निघाली. तिने वळून पाहिलं नाही. वळून पाहायला तिला काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का परत आल्या आणि एक रुमालाची गाठ उंबऱ्यावर ठेवून मागे सरल्या. आत साडेचार हजार रुपये होते. सरकारी दवाखान्यात गोळ्या कधी असायच्या, कधी नसायच्या, बाहेरून घ्यायच्या तर यांच्या पगारात बसत नव्हतं.

"हे दान नाही," अक्का म्हणाल्या. "उसने आहेत. आणि भाऊ असला तरी दत्तूच्या हातून मी एक पैसा परत घेणार नाही. तू तुझ्या हाताने आणून द्यायचेस. माझे पैसे बुडवून जायचं नाही, सांगून ठेवते."

यांना ते बोलणं लागलं. इतकी वर्षं बहीण म्हणून वागली, आणि आज सावकारासारखं बोलली, म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

वरची खोली

आमची बिऱ्हाडाची जागा खाली, आणि गच्चीवर एक लहान खोली. तिथे माझं अंथरूण गेलं. ताट, वाटी, पेला वेगळे, पेल्याला लाल दोरा बांधलेला. सकाळी गोळ्या, मग कंपाउंडर येऊन सुई देऊन जायचा, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. तो फार बोलायचा आणि मला लाज वाटायची, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पोपडे मोजायचे. त्या भिंतीवरचे पोपडे मला अजून पाठ आहेत. एक हत्तीसारखा होता.

एक गोष्ट तुला सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितली नव्हती. त्या गोळ्यांनी लघवी लालभडक होते. मी समजले की आता तिथूनही रक्त यायला लागलं. चार दिवस यांनाही बोलले नाही. चार दिवस मनातल्या मनात मनूचं सगळं आवरून ठेवलं, कोण तिची वेणी घालेल, कोण तिचा परकर शिवेल. पाचव्या दिवशी कंपाउंडरला भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, अरे, ये तो दवा का रंग है. त्याचं ते हसणं मला वाईट वाटलं नाही.

आणखी एक. संध्याकाळी हे दोन कुल्हडांतून चहा आणायचे. मातीचा कुल्हड काशीत प्रत्येक माणूस पिऊन झाल्यावर फोडतो, राजा असो की भिकारी. आम्ही दोघं अंतरावर बसून प्यायचो आणि दोघंही आपापला कुल्हड कठड्यापलीकडच्या उकिरड्यात टाकायचो. दिवसभरात तेवढाच वेळ माझं भांडं आणि जगाचं भांडं एकसारखं असायचं. हे त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. पण रोज आणायचे.

दुपारी ताप उतरला की डोळे अर्धे मिटायचे. पाठशाळेतून मुलांचं वेदपठण यायचं, वर जायचं, खाली यायचं, जणू कोणी झोपाळ्यावर बसून म्हणतंय. खोली हळूहळू पाण्यावर चढायची. मी नावेत आहे आणि घाट मागे सरकतोय असं वाटायचं. मग मी कठड्याशी जाऊन बसायचे. तिथून अक्कांच्या गच्चीचा एक कोपरा दिसतो. पांढऱ्या चादरीवर पापडांचे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये एक पिवळा ठिपका, तो हलायचा. ती मनू. मी हात हलवायचे. तिला मी दिसत होते की नाही, देव जाणे.

खिशातले आंबे

हे चौकाजवळच्या एका छापखान्यात काम करतात. तिथे लग्नपत्रिका छापतात. कडक पातीचा एक साचा असतो, त्याला डाय म्हणतात. यंत्राने तो कागदावर दाबला की आंबा, कलश, पान, गणपती असा आकार कापून बाहेर पडतो. पत्रिकेला खिडकी हवी असेल तर आकार कचऱ्यात जातो. आकार चिकटवायचा असेल तर खिडकी कचऱ्यात जाते. हे रोज घरी आले की शर्टाच्या खिशातून आणि पँटच्या दुमडीतून सोनेरी आंबे पडायचे.

एक दिवस असा एक आंबा माझ्या अंथरुणावर पडला. मी तो तळहातावर घेऊन बसले. यांनी विचारलं, काय बघतेस. मी म्हटलं, उद्या अजून आणाल का, आणि खिडक्याही.

मनूला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिण्याची लाज. मग अक्षर नसलेलंच पत्र का नाही पाठवायचं? यांनी छापखान्यातले तुकडे आणले, जिल्दसाजाकडचा, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्याकडचा, अबरी कागद आणला, पोथीच्या पुठ्ठ्याला लावतात तो, लाटालाटांचा. भेटवस्तूंना गुंडाळायचा बुट्टीबुट्टीचा कागद आणला. कणकेची खळ करून दिली, त्यात चिमूटभर तुरटी. कडा साध्या कात्रीने भुंड्या दिसत होत्या, म्हणून मी करंजीचं कातण मागितलं. वर आलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. यांनी आणून दिलं. त्या दिवाळीत आमच्या करंज्या सुरीने कापल्या.

कातण कागदावरून फिरवलं की सुंदर नागमोडी कड निघते. खालचा कागद जाड हवा आणि हात हलका.

पहिलं कार्ड पोपटाचं होतं. वर आंब्याच्या आकाराची खिडकी, तिच्यामागे हिरवा अबरी कागद, म्हणजे बाहेरून नुसता कच्चा आंबा. कार्ड उघडलं की आत पोपट, त्याच्या चोचीत सोनेरी आंबा. आंब्याखाली कागदाची बारीक घडी चिकटवली, म्हणजे तो थोडा वर उचललेला राहतो आणि त्याची सावली पडते. मग दुसरं केलं, बाहेर नाव आणि आत नावेत झोपलेली बाई. मग बाहेर बंद दार आणि आत दोन वेण्यांची मुलगी. ताप असायचा तेव्हा हात आपोआप चालायचे. कागदावरच्या लाटा खरंच हलताना दिसायच्या आणि मला फक्त त्या कापून घ्यायच्या असायच्या.

दोरी

पहिलं कार्ड हे देऊन आले. दुसऱ्या दिवशी कठड्याशी गेले तर अक्कांच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला काहीतरी हिरवं लटकलं होतं. वाऱ्याने फिरत होतं. माझं कार्ड. अक्कांनी मनूसाठी ते तोरणासारखं लावलं होतं.

मला केवढा आनंद झाला ते लिहिता येणार नाही. दुसरं पाठवलं, तेही दोरीवर. मग तिसरं. एकेक उतरायचं, नवीन लागायचं. मी कार्डं मोठी करायला लागले, लांबून दिसावीत म्हणून. सोनेरी तुकडे जास्त लावायला लागले, कारण भर दुपारी ते एकदम चमकायचे. मी इकडे भाताचा घास हातात घेऊन बसायचे आणि तिकडे माझी कार्डं चमकायची. वाटायचं, मनू मला हाक मारते आहे. एकदा माकडाने एक कार्ड ओढलं आणि देवळाच्या कळसाजवळ बसून उलटसुलट करून पाहिलं. मला त्याचाही राग आला नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. ताप गेला. जेवण जाऊ लागलं. मी बरी होत होते ती त्या दोरीकडे बघत.

दोरीवर कार्डं का आहेत हे मला कळायला हवं होतं. अक्कांना मी इतकी वर्षं ओळखत होते. पण आपल्याला जे हवं असतं ते दिसलं की आपण पुढे विचार करत नाही.

आषाढ

आषाढात अकरा दिवस सूर्य दिसला नाही. दोरी रिकामी. मी चार कार्डं पाठवली होती, एकही लागलं नाही. रात्रीचं जेवताना यांना विचारलं, वन्संना आवडली नाहीत का.

"अगं, ऊन कुठे आहे?" हे म्हणाले.

मी म्हटलं, मग घरात भिंतीला लावायला सांगा.

"घरात कशी आणेल ती? आठ दिवस ऊन दाखवल्याशिवाय..." आणि हे थांबले. हात ताटातच राहिला.

मग सगळं बाहेर आलं. प्रत्येक कार्ड आठ दिवस उन्हात. मग कापूर आणि वाळलेला कडुनिंब घातलेल्या बिस्किटांच्या डब्यात, झाकण बंद. मनूच्या हातात एकही दिलेलं नव्हतं. ती हात मागे बांधून खालून बघायची, तसंच तिला सांगितलं होतं. आईची पत्रं वाळताहेत, वाळली की देऊ.

यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाले, तू इतकी खुशीत होतीस, कसं सांगू.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुझ्यासाठी लिहायलाच हवं. मी गोळ्या सोडल्या. भांडले नाही, रडले नाही. गोळ्या घेतल्यासारखं करायचं आणि खळीच्या वाडग्यात टाकायच्या. एक तर राग होता आणि दुसरं म्हणजे अंग हलकं झालं होतं. हे दोन्ही एकत्र आलं की माणूस औषध सोडतं. तू सोडू नकोस. चार दिवसांनी संध्याकाळचा ताप परत आला, घंटेच्या ठोक्याला.

यांना वाडग्यात फुगलेल्या गोळ्या सापडल्या. हे तसेच पावसात बाहेर गेले. तासाभराने जिन्यावर पावलं वाजली. अक्का. चार महिन्यांत त्या वर आल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, पातळातून पाणी गळत होतं.

"गोळ्या खळीला घालतेस?" त्या म्हणाल्या. "कार्डांना बरं करायचंय का?"

लग्नानंतरच्या सात वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. पण त्या दिवशी बोलले. "माझी पत्रं तुम्ही पोरीला दिली नाहीत."

अक्का खालच्या पायरीवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यांची एक बहीण होती, इंदू. ती याच दुखण्याने गेली, तेव्हा अक्का नऊ वर्षांच्या. इंदूची गोधडी त्यांच्या आईने धुतली आणि धाकट्या भावावर घातली. श्रावण होता, गोधडीला ऊन मिळालं नव्हतं. पुढच्या माघापर्यंत तोही गेला. हे त्याच्यानंतरचे.

"तेव्हापासून मी वाळवल्याशिवाय काही घरात घेत नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर काय सांगतो ते मला कळत नाही. ऊन मला कळतं. तुझं एक कार्ड मी टाकलेलं नाही. टाकायचं असतं तर माझ्या घरात चूल नव्हती का?"

त्या उठल्या, पदर पिळला.

"आणि माझे साडेचार हजार तुझ्यात अडकलेत. उद्यापासून गोळी घे."

त्या वेळी मला त्यांचं ते पैशाचं बोलणं समजलं. तुला समजलं नसेल तर एकदा पुन्हा मागे जाऊन वाच.

डबा

डॉक्टर खूप रागावले. औषध आणखी लांबलं. मी पुन्हा एकही दिवस चुकवला नाही. भाद्रपदात थुंकी तपासली, स्वच्छ निघाली. पुन्हा तपासली, पुन्हा स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, कागदाने काही होत नाही आणि आता मुलीला घरी आणायला हरकत नाही. अक्कांना कळवलं तर त्या म्हणाल्या, आधी पाऊस जाऊ दे, चांगलं ऊन पडू दे. हे चिडले. मी म्हटलं, राहू द्या. इतके महिने गेले, त्यांच्या मनाला पटल्यावर आणू देत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मनूला घेऊन आल्या. आकाश धुतल्यासारखं होतं. मनू जिना चढून आली आणि खोलीच्या दाराशी थांबली. उंच झाली होती. पुढचा एक दात पडलेला. दोन्ही हातांनी बिस्किटांचा डबा छातीशी धरला होता. मी अंथरुणावर बसले होते. हात पुढे करावेसे वाटत होते आणि होत नव्हते. चैत्रापासून मी याच घटकेला भ्याले होते.

मनूने माझ्याकडे नीट पाहिलं, अक्कांचा पापड वाळला की नाही ते बघावं तसं.

"आई, तुला ऊन दाखवलं?"

मागून अक्का म्हणाल्या, "दाखवलंय. सहा महिने वाळतेय ती. जा."

मनू आली आणि सरळ माझ्या मांडीत बसली, डब्यासकट. डबा मला टोचत होता. मी तो हलवला नाही.

मग तिने झाकण उघडलं. कापराचा वास खोलीभर झाला. तिला प्रत्येक कार्ड ओळखू येत होतं. हा आंबा, ही नाव, हे दार. दोरीवर चिमट्याला लटकलेली तिने सगळी पाहिली होती. पण फक्त बाहेरून. तिने आंबा हातात घेतला, कड उचकटली आणि थांबली.

"ह्याच्या आतपण आहे?"

आत पोपट होता. पोपटाच्या चोचीतल्या आंब्याखाली बोट घालून पाहिलं. मग दुसरं उघडलं. एकतीस कार्डं होती. एकेक उघडून ती आधी मला दाखवायची, जणू मी ती पाहिलीच नव्हती. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि दुमडलेलं काही त्यांनीही कधी उघडून पाहिलं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. खाली पंचगंगा घाटाकडे उंच वेळूंवर टोपल्यांतले आकाशदीप वर चढायला लागले तरी आमची कार्डं संपली नव्हती. सनईसारखं काहीतरी वाजत होतं. मला वाटतं ते कुठेच वाजत नव्हतं.

आरतीच्या घंटा झाल्या. मी कपाळाला हात लावून पाहिलं. थंड होतं.

रथसप्तमी

मार्गशीर्षात औषध संपलं. काम करून थकायला व्हायचं, म्हणून हे मला खाली फार काही करू देत नव्हते. पौषात अक्का आल्या आणि म्हणाल्या, संक्रांतीला आपली माणसं पाकिटातून गावाकडे तिळगूळ पाठवतात, हलव्याची पुडी नुसत्या कोऱ्या कागदाला चिकटवून. तू कार्डं कर, मी पापडांबरोबर नेते.

छापखान्याच्या मालकांनी तुकडे फुकट दिले, कचरा आहे, घेऊन जा म्हणाले. मी कलशाच्या खिडकीचं कार्ड केलं, आत हलव्याची पुडी ठेवायला अबरी कागदाचा खिसा. वर "तिळगूळ घ्या, गोड बोला" लिहायचं होतं, पण माझं अक्षर हे असं. मनू तेव्हा अक्षरं शिकत होती. तिनेच सगळ्या कार्डांवर लिहिलं, जीभ बाहेर काढून. एकदा शिंदे घाटाकडच्या एका बाईंनी अक्कांना विचारलं, म्हणे, ती तुमची भावजय आजारी होती ना? अक्का म्हणाल्या, होती. डॉक्टरने बरी केली, वर मी ऊन दाखवलंय, तिलाही आणि कार्डांनाही, घ्यायचं तर घ्या. बाईंनी डझनभर घेतली.

त्या संक्रांतीचे पैसे घेऊन मी अक्कांकडे गेले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा एकटी गल्लीतून चालले. "उंबऱ्यावर ठेव," अक्का म्हणाल्या. मी ठेवले. त्यांनी नोटा पदराने उचलल्या, गच्चीवर नेल्या, दगडाखाली दाबल्या. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. थोडं वाटलं. दिवाळीच्या कार्डांचे पैसे नेले तेव्हाही उंबरा, पदर, दगड.

दुसऱ्या संक्रांतीनंतर हिशेब संपत आला. शेवटची रक्कम घेऊन मी रथसप्तमीच्या सकाळी गेले. अक्कांनी गच्चीवर सूर्याच्या रथाची रांगोळी काढली होती आणि गोवरीवर लहान बोळक्यात दूध ठेवलं होतं. धुकं नुकतंच विरत होतं. दोरी रिकामी होती. दूध पूर्वेकडे उतू गेलं, त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

मी नोटा काढून नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर ठेवायला वाकले.

"वाकतेस कशाला?" अक्का म्हणाल्या. "हातात दे."

मी दिल्या. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, राखेने कोरडी, गरम. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि नोटा मोजायला लागल्या. एकेक नोट, पुन्हा अंगठा जिभेला, पुन्हा एक नोट. मोजून झाल्यावर त्यांनी नोटांची घडी केली, कमरेच्या बटव्यात घातली आणि बटव्याची दोरी ओढली.

"पुऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "फिटले."